दिनविशेष : ३० एप्रिल
जुन्नरच्या तटावर दोरांच्या शिड्या

३० एप्रिल १६५७. रात्रीच्या अंधारात शिवाजी महाराजांचे मावळे दोरांच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावरून आत उतरले. पहारेकरी कापले गेले. मोगलांच्या या संपन्न ठाण्यातून तीन लाख होन, दोनशे घोडे, जडजवाहीर आणि उंची कापड स्वराज्यात आले.

या घटनेकडे केवळ धाडस म्हणून पाहिले, तर तिचे मर्म निसटते. स्वराज्य तेव्हा लहान होते. एका बाजूला आदिलशाही, दुसऱ्या बाजूला मोगल. मावळच्या खोऱ्यांत भात आणि नाचणी पिके. रोख पैसा मात्र नाणेघाटाने चढून येणाऱ्या व्यापाराच्या जुन्नरात. किल्ल्यांची डागडुजी, शिबंदीचा पगार, घोडदळ या साऱ्याला होन लागत. स्वातंत्र्य टिकवायचे तर तलवारीइतकाच खजिनाही भक्कम हवा, हे महाराजांनी ओळखले होते. संतापलेल्या औरंगजेबाने फौजा पाठवल्या, तेव्हा त्याच वर्षी वकील धाडून त्यांनी बोलणीही केली. कुठे झडप घालायची आणि कुठे थांबायचे, हे लहान राज्याला कळावेच लागते.

तरीही सारेच साधले नाही. जन्मस्थान असलेला शिवनेरी महाराजांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. जुन्नर-आंबेगावच्या नव्या पिढीने शिवजन्माच्या १९ फेब्रुवारीबरोबर ३० एप्रिलही ध्यानात ठेवावा. स्वराज्य कसे जगवले गेले, ते हा दिवस सांगतो.