चांद्र मानवी मोहिमांतील भागीदारी
चंद्रावर माणूस पाठविण्यासाठी विविध देशांच्या अवकाश संस्था व खासगी कंपन्या यांच्यात करारांद्वारे होणारे सहकार्य.

उगम : अपोलो मोहिमांतील (१९६८–७२) अवकाशयाने कंपन्यांनी बांधली, तरी त्यांची मालकी व संचालन नासा या अमेरिकेच्या अवकाश संस्थेकडे होते. नासाच्या आर्टेमिस या चांद्र कार्यक्रमात चांद्रावतरणाची सेवा कंपन्यांकडून विकत घेण्याची पद्धत आली. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आठ देशांनी आर्टेमिस करारावर सह्या केल्या. भारताने २१ जून २०२३ रोजी सही केली.

वैशिष्ट्ये : आर्टेमिसमधील ओरायन यानाचा सेवा विभाग यूरोपीय अवकाश संस्था पुरविते. अवतरणयानाचे कंत्राट स्पेसएक्स (२०२१) व ब्लू ओरिजिन (२०२३) यांना मिळाले. आर्टेमिस करारात शांततामय वापर, माहितीची देवाणघेवाण व संकटकालीन मदत ही तत्त्वे आहेत. तो कायद्याने बंधनकारक नाही. चीन व रशिया यांचा चांद्र संशोधन स्थानकाचा प्रकल्प स्वतंत्र आहे.

महाराष्ट्रातील सहभाग : मुंबईतील गोदरेज उद्योग विक्रोळीत प्रक्षेपकांची विकास एंजिने तयार करतो. लार्सन अँड टुब्रो (पवई) व वालचंदनगर इंडस्ट्रीज (जि. पुणे) इस्रोच्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाचे भाग बनवितात. याच प्रक्षेपकाने चांद्रयान-३ (२०२३) अवकाशात नेले. गगनयान या भारताच्या मानवी अवकाश मोहिमेसाठीही तोच नियोजित आहे.

महत्त्व : खर्च व जोखीम यांची विभागणी होते. २०४० पर्यंत भारतीय अंतराळवीर चंद्रावर उतरविण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे.

(पहा : अपोलो कार्यक्रम; इस्रो; गगनयान; चांद्रयान).