ड्रायव्हरांची देवाणघेवाण

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. पेशव्यांचा नाही, लिनक्स कर्नलचा. प्रश्न दिसायला साधा आहे: दोन ड्रायव्हर वेगवेगळे लोड केलेत, आणि एकाकडचा डेटा दुसऱ्याला हवा आहे. द्यायचा कसा?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरुवात केली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सगळे ड्रायव्हर एकाच कर्नलमध्ये बांधलेले, एकत्र कुटुंबासारखे. १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत लोडेबल मॉड्यूल आले आणि घरं वेगळी झाली. मग नियम ठरला: मॉड्यूलने आपलं फंक्शन किंवा व्हेरिएबल 'एक्स्पोर्ट' करायचं, दुसऱ्याने ते नावाने वापरायचं. लोड करताना पत्ते जुळवले जातात, आणि दुसरं मॉड्यूल आहे तोवर पहिलं काढता येत नाही.

पण "असेल तर घेईन, नसेल तर तसंच भागवीन" असं म्हणणाऱ्याचं काय? ग्राफिक्सचा डीआरएम ड्रायव्हर नेमका असाच. मशीनमध्ये एजीपी असेल तर त्या ड्रायव्हरची मदत हवी, नसेल तर अडून बसायचं नाही. थेट सिंबॉल वापरला तर एजीपीचं मॉड्यूल नसताना डीआरएम लोडच व्हायचं नाही. म्हणून २.४ मध्ये (जानेवारी २००१) 'इंटर_मॉड्यूल_रजिस्टर' आणि 'इंटर_मॉड्यूल_गेट' ही जोडी होती. एकाने नाव आणि पॉइंटर नोंदवायचा, दुसऱ्याने नाव सांगून तो मागायचा. सोय झाली, पण पॉइंटर 'व्हॉइड'. त्यामागे नेमकं कुठलं स्ट्रक्चर आहे हे कंपायलरला कळायला मार्ग नाही. नाव चुकलं तरी ते चालवल्यावरच कळणार.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. 'मी वापरात आहे' हा आकडा त्या काळी बरेचदा मॉड्यूल स्वतःच, स्वतःच्या कोडमध्ये शिरल्यावर वाढवायचं. शिरणं आणि आकडा वाढणं यांच्यामधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरवरून कुणी ते मॉड्यूल काढलं तर? पायाखालची मेमरीच गायब. आणि हा कर्नल आहे, एखादं अ‍ॅप्लिकेशन नव्हे. अख्खं मशीन झोपू शकतं.

मी मुदखेडचा, त्यामुळे मला हे रेल्वेच्या भाषेत लवकर कळतं. आमच्या जंक्शनवरून किनवट-आदिलाबादकडे एकेरी मार्ग जातो. एकेरी मार्गावरच्या जुन्या टोकन पद्धतीत गाडी सेक्शनमध्ये शिरण्याआधी ड्रायव्हरच्या हाती टोकन पडलंच पाहिजे, आणि ते स्टेशनातून मिळतं. आधी शिरतो, मग टोकन घेतो, हे चालत नाही. २.४ मध्ये नेमकं तेच चाललं होतं.

२००२ च्या अखेरीस रस्टी रसेलने मॉड्यूल लोडर नव्याने लिहिला आणि २००३ च्या डिसेंबरात तो २.६ मधून सगळ्यांच्या हाती आला. आता 'ट्राय_मॉड्यूल_गेट' बोलावणाऱ्याने बाहेरूनच म्हणायचं. मॉड्यूल निघण्याच्या वाटेवर असेल तर तिथेच नकार मिळतो. 'असेल तर' वाल्यांसाठी 'सिंबॉल_गेट' आलं: सिंबॉल असेल तर योग्य टाइपसह पत्ता मिळतो आणि आकडाही वाढतो, नसेल तर नल. जुनी इंटर_मॉड्यूल मंडळी पुढे निवृत्त झाली.

तिसरा पदर परवानगीचा. २००१ मध्येच 'एक्स्पोर्ट_सिंबॉल_जीपीएल' आलं: हे सिंबॉल फक्त जीपीएल-सुसंगत मॉड्यूलसाठी. तरी पळवाट निघालीच. बंद मॉड्यूलचे सिंबॉल जीपीएलचा टिळा लावलेल्या मॉड्यूलमधून फिरवायचे! २०२३ मध्ये 'सिंबॉल_गेट' फक्त जीपीएल सिंबॉलपुरतं मर्यादित केलं ते याचसाठी.

थोडक्यात काय, डेटा शेअर करणं म्हणजे नुसता पत्ता देणं नव्हे. वस्तू काय आहे, ती कुठवर जिवंत राहील, आणि कुणाला मिळेल, ही तिन्ही उत्तरं सोबत द्यावी लागतात. ही उत्तरं नीट बसवायला कर्नलवाल्यांना वर्षानुवर्षं लागली. आपण ऑफिसात सर्व्हिसेस आणि टीम्समध्ये जे शेअर करतो, त्याला यातली किती उत्तरं असतात?

लिनक्स हाताशी असेल तर 'एलएसमॉड' चालवून बघा. 'यूज्ड बाय'खालचा तो छोटा आकडा म्हणजे या सगळ्या इतिहासाचं सार आहे.