शासकीय शिष्यवृत्ती, नांदेड-लातूर परिसरातील

महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च पेलण्यासाठी शासनाकडून मिळणारे विनापरतीचे अर्थसाहाय्य. यातील सर्वांत जुनी योजना म्हणजे अनुसूचित जातींसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती होय. तिची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये असून, ती ओलांडणाऱ्या कुटुंबांतील मुलांना राज्याची शुल्कमाफी, अर्थात ‘फ्रीशिप’, मिळू शकते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्था. १९९४) या परिसरात शुल्काइतकाच, किंबहुना अधिक, राहण्याजेवण्याचा खर्च जाचतो; कारण देगलूर, किनवट, निलंगा अशा तालुक्यांतील मुले अकरावीपासूनच शहरात खोली करून राहतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राबवली जाते. तिच्यात मुंबई-पुण्यासाठी ६०,००० रुपये, तर अन्य जिल्ह्यांच्या ठिकाणी भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० व निर्वाहाचे ६,००० असे वर्षाला ४३,००० रुपये ठरवण्यात आले. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीमुळे वाढलेल्या खोलीभाड्यापुढे यातील निवासभत्ता तोकडाच म्हणावा लागेल, खासगी शिकवणीचे शुल्क तर हिशेबातच नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरला जातो. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र व गुणपत्रिका जोडल्यावर तो आधी महाविद्यालयाकडून, मग समाजकल्याण कार्यालयाकडून तपासला जातो, आणि मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.