निबंधाची गाठ

निबंध म्हणजे बांधलेले. ‘बन्ध्’ या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागला की घट्ट बांधणे, पक्के करणे असा अर्थ होतो. प्रबंध, संबंध, निर्बंध ही त्याची सख्खी भावंडे. फारसीतून आलेला बंदोबस्तही त्याच जुन्या घराण्यातला, चुलत नात्याचा. इंग्रजी ‘एसे’चे मूळ मात्र तराजूत आहे. लॅटिनमध्ये ‘एक्झाजियम’ म्हणजे तोलणे, वजन करणे. त्यावरून फ्रेंच ‘एसे’ आला, प्रयत्न आणि पारख अशा दोन्ही अर्थांनी. १५८० साली मोंतेन्यने आपल्या पुस्तकाला ते नाव दिले आणि १५९७ साली बेकनने ते इंग्रजीत रुजवले. धातूचा कस पाहण्याला इंग्रजीत ‘अॅसे’ म्हणतात, तोही मुळात हाच शब्द.

शाळेत आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. माजिवडा नाक्याजवळ मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. घोडबंदर रस्त्यावरची मुले येतात, काही कळव्याहून, काही थेट डोंबिवलीहून. “मॅम, एसे पाठ झालाय, म्हणून दाखवू?” हे वाक्य परीक्षा जवळ आली की रोज कानावर पडते. तोलण्याची गोष्ट पाठ कशी होईल? पण मुलांचा दोष नाही. प्रस्तावना, चार मुद्दे, समारोप, मध्ये पेरायला दोन सुविचार, एवढी मोळी बांधली की गुण मिळतात, हे त्यांना पाचवीपासून शिकवले गेले आहे.

बारावीच्या ‘युवकभारती’त अमेरिकन साहित्य बऱ्यापैकी आहे. ओ. हेन्रीची ‘द कॉप अँड द अँथम’ ही गोष्ट आहे, एडगर गेस्टची कविता आहे आणि पद्यविभागाच्या सुरुवातीलाच वॉल्ट व्हिटमनची ‘साँग ऑफ द ओपन रोड’ आहे. त्याच पुस्तकात पुढे दिलीप चित्र्यांची, संध्याकाळच्या उशिराच्या लोकलने घरी परतणाऱ्या वडिलांवरची कविता येते. व्हिटमनचा रस्ता आणि चित्र्यांची लोकल एका पुस्तकात बांधणाऱ्याला माझा नमस्कार. ठाण्या-कल्याणच्या मुलांसाठी याहून चांगली जोडी सापडली नसती.

व्हिटमनवर लिहायला सांगितले तेव्हा बहुतेक वह्यांत एकच वाक्य होते: रस्ता हे स्वातंत्र्याचे प्रतीक आहे. वाक्य गाइडमधले, चूक नाही, पण त्यात लिहिणाऱ्याचे स्वतःचे काहीच नाही. वाणी तेल मोजून देताना आधी आपले रिकामे भांडे तराजूत ठेवून त्याचा धडा करून घेतो, तसा गाइडच्या वाक्याचा धडा आधी करून घ्यावा लागतो. मग उरते ते मुलाचे. मी एवढेच विचारले, “कुठला रस्ता?” एका मुलाने आठवड्याभराने लिहून आणले. त्याचे वडील टेम्पो चालवतात. माजिवड्याला नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात, न्हावाशेव्याचे कंटेनर इथूनच पुढे सरकतात, आणि गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात प्रवेश बंद असतो. त्याने लिहिले की रस्ता खुला आहे की नाही हे पायी चालणाऱ्याला विचारून चालणार नाही, माल घेऊन निघालेल्याला विचारावे लागेल. कवीचे हात मोकळे आहेत म्हणून त्याला रस्ता मोकळा वाटतो. वर्गातल्या एका मुलीने लगेच हरकत घेतली. कवी आपली जुनी ओझी बरोबर घेऊनच निघाला आहे, असे कवितेतच आहे, ती म्हणाली. सगळ्यांनी पुस्तके पुन्हा उघडली. तिचे बरोबर होते. मग त्या मुलाने आपला परिच्छेद खोडला नाही, तिची हरकत त्यातच घेतली आणि माणसांचे ओझे व मालाचे ओझे यांत फरक काय, हे लिहीत बसला.

इथे ‘मुद्दा’ या शब्दाकडे वळायला हवे. हा अरबी ‘मुद्दआ’, म्हणजे ज्याचा दावा केला ते. दावा हा त्याच्याच धातूतला शब्द. शाळेत आपण फळ्यावर ‘मुद्दे’ म्हणून बालपण, निसर्ग, महत्त्व, उपसंहार असे शब्द लिहितो. ते मुद्दे नव्हेत, ती मथळ्यांची यादी आहे. मुद्दा म्हणजे कुणीतरी नाकारू शकेल असे विधान. ‘रस्ता’ हा मुद्दा नाही. ‘व्हिटमनचा रस्ता सगळ्यांना सारखा खुला नाही’ हा मुद्दा आहे. आणि मुद्दा आला की मुद्देमाल लागतो. पोलिसांच्या बातम्यांमुळे हा शब्द प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. आरोप केला तर वस्तू हजर करा. त्या मुलीने कवितेतली ओळ हजर केली, तो मुद्देमाल. अमेरिकेतल्या हायस्कुलात निबंध शिकवताना ‘क्लेम’ आणि ‘एव्हिडन्स’ या दोन शब्दांवर सगळी भिस्त असते. आपल्या मुलांना ती जोडी मराठीत आयती मिळते.

यावरून कुणी म्हणेल की निबंध हा शब्दच चुकीचा पडला, बांधणाऱ्या शब्दाकडून तोलायची अपेक्षा कशी करायची? मला हे पटत नाही, कारण निबंधाचा जुना इतिहास वेगळे सांगतो. ‘मिताक्षरा’ या टीकेत विज्ञानेश्वर निबंध म्हणजे काय ते सांगताना विड्याच्या पानांचे उदाहरण देतो: पानांच्या एका भाऱ्यामागे इतकी पाने, सुपारीच्या एका भाऱ्यामागे इतक्या सुपाऱ्या, असा कुणाला तरी कायमचा बांधून दिलेला हक्क. (विज्ञानेश्वराचे कल्याण म्हणजे आपले नव्हे, कर्नाटकातले बसवकल्याण.) ही झाली बांधून दिलेली आवक. पुढे धर्मशास्त्रात निबंध म्हणजे ग्रंथांचा एक प्रकार झाला. मनू एक म्हणतो, नारद दुसरे, बृहस्पती तिसरे, पुराणे चौथेच. ही परस्परविरोधी वचने एका ठिकाणी आणायची, एकमेकांसमोर ठेवायची आणि निर्णय द्यायचा, हे निबंधकाराचे काम. बांधायचे तर आधी तोलावेच लागे. देवगिरीच्या हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ याच जातीचा.

आणि या जातीचा एक थोर ग्रंथ ठाण्याचा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे ठाणे. हे शिलाहार आपल्याला आठवतात ते अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरामुळे. त्याच घराण्यातल्या अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरची बाराव्या शतकातली विस्तृत टीका आहे. ती ‘अपरार्क’ म्हणून ओळखली जाते. ग्रंथ स्वतःला ‘याज्ञवल्कीय धर्मशास्त्रनिबंध’ म्हणवतो. रूप टीकेचे, काम निबंधाचे, असे पांडुरंग वामन काण्यांनीही म्हटले आहे. या अपरादित्याने तेजकंठ नावाचा पंडित काश्मीरला दूत म्हणून पाठवला होता. तिथल्या विद्वत्सभेत तो हजर असल्याचे मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त आहे. पुढे काश्मीरच्या पंडितांनी ‘अपरार्क’ प्रमाण मानला. माझ्या वर्गातली मुले ज्या शहराच्या रहदारीवर लिहितात, त्या शहराच्या राजाने निबंध लिहिला होता, ही गोष्ट मला दर वर्षी सांगावीशी वाटते आणि मी सांगते.

अमेरिकेचा धागा इथेही येऊन मिळतो. थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला १८४५ साली. त्याआधी, जानेवारी १८४३ मध्ये, एमर्सनच्या संपादकत्वाखालच्या ‘द डायल’ त्रैमासिकात मनुस्मृतीतले निवडक उतारे छापले गेले. निवड थोरोची होती, भाषांतर विल्यम जोन्सचे. म्हणजे अमेरिकन निबंधाचा हा मोठा लेखक ज्या ग्रंथांवर आपले निबंधकार शतकानुशतके काम करत होते, तेच वाचत होता. फरक असा की अपरादित्याला शेवटी निर्णय द्यायचा होता आणि थोरोला कुणाच्याही निर्णयाने बांधून घ्यायचे नव्हते. कर भरायचे नाकारून तो एक रात्र तुरुंगात राहिला, आणि त्याबद्दलचा त्याचा लेख १८४९ साली छापून आला. तो आज मुलांना वाचायला दिला तर पहिल्या पानापासून त्यांचे वाद सुरू होतात. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. आधी तो विहार वाचावा, मग मूळ इंग्रजी घ्यावे, असे मी मुलांना सांगते.

मराठीत निबंधाला आजचा अर्थ पक्का चिकटला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांमुळे. १८७४ ला सुरू झालेल्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. विष्णुशास्त्री सरकारी शाळेत शिक्षक होते, इंग्रजी गद्य त्यांनी मुरवले होते. त्यांची मते आज सगळी पटणार नाहीत, फुल्यांवर लिहिलेले तर मुळीच नाही. पण त्या निबंधांत प्रतिपक्ष असतो, त्याच्याशी झुंज असते. शाळेतल्या निबंधातून नेमका हा प्रतिपक्षच कधीतरी गळाला. ‘मोबाईल: शाप की वरदान’ या विषयात तो नावापुरता उरतो आणि शेवटी दोन्ही बाजू योग्य ठरतात.

इंग्रजीच्या लेखनप्रकारांत ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ नावाचा एक प्रकार असतो. मुले त्याला घाबरतात, कारण तो पाठ करता येत नाही. मी त्याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणते, आणि तो लेखनाच्या तासाला सर्वांत आधी घेते. ठाण्याच्या शाळांत शिलाहार फक्त इतिहासाच्या पुस्तकापुरते राहिले आहेत. त्यातला अपरादित्य तरी भाषेच्या शिक्षकांनी उचलून या तासाला आणावा, अशी माझी फार इच्छा आहे.