निम्म्याचे दुप्पट : नकलेच्या खरेपणाचा शोध

जुनी हुंडी पहिल्यांदा वाचणाऱ्याला एक गोष्ट खटकते. रक्कम आकड्यात असते, अक्षरी असते, आणि शिवाय तिचे निम्मे सांगून 'त्याचे दुप्पट पुरे' असेही लिहिलेले असते. हजाराच्या हुंडीत पाचशेचा उल्लेख कशाला? आकड्यापुढे एक शून्य वाढवणे सोपे; तिन्ही ठिकाणी जुळेल असा फेरफार करणे अवघड. मराठेशाहीतील पत्राअखेरची 'मर्यादेयं विराजते' ही मुद्राही याच जातीची. मजकूर इथे संपला. यापुढे काही दिसले तर ते मागून घातलेले.

आज मोडी कागदांच्या छायाप्रती सर्व्हरवर ठेवून अनेक जण त्यावर काम करतात. पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला अशा नकलांचे मोल सांगावे लागत नाही. पण ती नक्कल शाबूत आहे हे कशावरून ओळखायचे?

संगणकाच्या जगात हा प्रश्न जुना आहे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांची शनिवार-रविवारी यंत्रावर लावलेली गणिते चूक सापडताच सोडून दिली जात. यंत्राला चूक कळते, तर तिची जागा का कळू नये, या विचारातून त्यांनी १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली.

जाळ्यातून जाणाऱ्या माहितीसोबत साधी बेरीजही पाठवली जाते. पण खतावणीत दोन खात्यांच्या रकमा अदलाबदल झाल्या तरी एकूण बेरीज जुळतेच. या बेरजेचेही तसेच आहे. म्हणून फाइलसाठी हॅश वापरतात. फाइलमधील प्रत्येक बाइट हिशेबात घेऊन काढलेली ही ठरावीक लांबीची संख्या. मी तिला मोर्तब म्हणतो.

सामायिक फाइल बिघडली की मी आधी बिघाडाची जागा शोधतो. तिचे मोर्तब एकदा टेबलावरच्या संगणकावरून काढायचे, एकदा थेट सर्व्हरवर. सर्व्हरवरचे मूळ नोंदीशी जुळले आणि टेबलावरचे जुळले नाही, तर संशय केबल, नेटवर्क कार्ड, स्मृती किंवा त्या संगणकाने जवळ धरून ठेवलेल्या शिळ्या प्रतीवर जातो. दोन्ही सारखेच चुकले, तर बॅकअप मागे मागे तपासत बदलाची पहिली तारीख गाठायची. मग बिघाडाचा आकार पाहायचा. ४०९६ बाइटच्या पटीवर सुरू होणारी शून्यांची रांग दिसली, तर वीज जाऊन लेखन अर्धवट राहिले असावे. एकच बिट उलटला असेल, तर स्मृती तपासावी. दोघांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या असतील, तर फाइलच्या कुलपाची व्यवस्था पाहावी. वेग वाढवण्यासाठी सर्व्हर कधी कधी फाइल काही काळ एकाच संगणकाच्या हवाली करतो. त्याने बदल परत लिहिण्याआधी जोडणी तुटली की घोळ होतो.

असे बिघाड आवाज करत नाहीत. २००७ साली जिनिव्हाजवळील सर्न संस्थेने तीन हजारांहून अधिक संगणकांवर ठरावीक नमुन्याची फाइल लिहून परत वाचण्याची चाचणी घेतली. पाच आठवड्यांत सुमारे १०० संगणकांवर ५०० चुका निघाल्या. बहुतेक चुका ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत होत्या. या चुकांचा संबंध डिस्क आणि तिच्या नियंत्रकाशी लागला.

मात्र मोर्तबाला एक मर्यादा आहे. नोंद करतानाच चूक झाली, तर मोर्तब त्या चुकीचीच ग्वाही देते. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळेनात, तेव्हा २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम निघाली. गावासमोर उतारे वाचायचे आणि खातेदारांनी आपले नाव, आपले क्षेत्र बरोबर आहे का ते सांगायचे. कुणाच्या गुंठाभर जमिनीचा प्रश्न असतो. ती चूक ज्याची त्यालाच कळते.

पुराभिलेखांच्या बाबतीत मात्र ते खातेदार हयात नाहीत. तिथे वाचणाराच खातेदार. म्हणून माझा आग्रह असा : छायाप्रत घेतली त्याच दिवशी मूळ कागद समोर ठेवून ती पडताळावी, लगेच तिचे मोर्तब काढावे आणि ते सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या वहीत लिहावे. बॅकअप घेण्याआधी ते दर वेळी जुळवून पाहावे. नाहीतर बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर बसते, आणि पुढच्या पुरात मूळ कागद गेला, तर त्या कागदात काय होते हे सांगायला कुणीच उरत नाही.