हात न पोचणारी गळती

गाडीच्या इंजिनातले पाणी रोज थोडे थोडे कमी होते आहे, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही, असा अनुभव काही वर्षांपूर्वी आम्ही घेतला. रोज सकाळी पेलाभर पाणी घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी, इंजिन पूर्ण थंड असताना, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आम्ही शोधाला लागलो. इंजिनाच्या अगदी मागच्या अंगाला, चालकापुढच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेल्या जागी, वाळलेला हिरवट-पांढरा ओघळ सापडला. गळलेले पाणी खालच्या तापलेल्या धुराच्या नळीवर पडून उडून जात होते, म्हणून जमीन कोरडी. त्या जागी बोटही पोचत नव्हते, मग पाना कुठला!

मेकॅनिकने आरशाशिवायच निदान केले. ‘मागची डमी गेलीय. इंजिन उतरवावं लागेल.’

डमी म्हणजे पत्र्याची लहानशी वाटी. इंजिनाचा ठोकळा ओतताना पाण्याच्या पोकळ्या राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला ठोकळ्याला भोके ठेवावी लागतात आणि मग ती भोके अशा वाट्या ठोकून बंद करतात. वाटी दहा-वीस रुपयांची, पण ती बदलायची तर सारे इंजिन बाहेर. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या एका ट्रकचालकाने आमचा चेहरा पाहून सल्ला दिला, ‘साहेब, दोन चमचे हळद टाका रेडिएटरमध्ये.’

आम्ही हसलो. हसायला नको होते. या उपायाची वंशावळ निदान अडीचशे वर्षे मागे जाते आणि ती इंजिनापासून नव्हे, जहाजापासून सुरू होते.

११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘एन्डेव्हर’ हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. जहाज हलके करण्यासाठी सहा तोफांसह चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात फेकण्यात आले. (त्या तोफा १९६९ मध्ये समुद्रतळावर सापडल्या.) दुसऱ्या रात्रीच्या भरतीला जहाज सुटले खरे, पण तळाला भोक पडलेले. पाण्याखालच्या त्या जागी बाहेरून कुणाचा हात पोचणार? आणि आतून पाण्याचा लोंढा. पंप अखंड चालवूनच जहाज तगून होते, आणि माणसे दमत चालली होती.

जोनाथन मंकहाउस नावाच्या उमेदवार अधिकाऱ्याने एक युक्ती सांगितली. पूर्वी व्हर्जिनियाहून लंडनला येणाऱ्या एका व्यापारी जहाजावर त्याने ती पाहिली होती. त्या जहाजात ताशी ४८ इंच, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास, पाणी चढत असूनही ते सुखरूप पोचले होते. कुक यांनी काम त्याच्यावरच सोपवले. जुने दोर उसवून काढलेले धागे आणि लोकर बारीक कापून एकत्र केली, त्याचे गोळे एका शिडाच्या कापडावर विरळसे टाचले आणि वरून मेंढ्यांच्या लेंड्या व तसलीच घाण पसरली. मग हे शीड दोरांनी ओढत जहाजाच्या पोटाखालून नेले. भोकाजवळ येताच आत घुसणाऱ्या पाण्याने धागे आणि लोकर स्वतःच ओढून घेतली. गळती इतकी कमी झाली की एकाच पंपावर भागू लागले. पुढे जहाज नदीकाठी आडवे केले तेव्हा दिसले की सर्वांत मोठ्या भोकात प्रवाळाचा एक मोठा तुकडाही मोडून अडकलेला होता. तो निसटला असता तर युक्ती चालली असती की नाही, कोण जाणे. बिचारा मंकहाउस मात्र घरी पोचला नाही. परतीच्या प्रवासात, १७७१ मध्ये, त्याचा मृत्यू झाला.

यातले विज्ञान शाळेतल्या पाठापलीकडचे नाही. पाण्याखाली तीन मीटरवर भोक असेल तर टॉरिचेलीच्या नियमाने पाणी सेकंदाला सुमारे पावणेआठ मीटर वेगाने आत येते. भोक कुठे आहे ते आपल्याला माहीत नसले तरी प्रवाहाला माहीत असते. म्हणून बूच घेऊन आपण भोकापर्यंत जायचे नाही, बूच प्रवाहाच्या हवाली करायचे. लेंड्यांनाही त्यात स्थान होते. लांब धागे भोकाच्या तोंडावर आडवे अडकून जाळी धरतात आणि बारीक कण त्या जाळीची भोके बुजवतात. नुसत्या धाग्यांतून पाणी झिरपत राहते, नुसते कण वाहून जातात. कणाचा आकार भोकाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असला की दोन-तीन कण मिळून कमान धरतात, हा अंदाज आज तेलविहिरी खोदणारे अभियंतेही वापरतात. खडकाच्या भेगांत जाणारा चिखल थोपवण्यासाठी ते अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आणि अभ्रकाचे पापुद्रे विहिरीत सोडतात.

मोटारीला ही विद्या लागली कारण मोटार जितकी सुधारली तितकी गळू लागली. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी नुसते उकळून उडून जायचे आणि वाटेत पुन्हा भरायचे. विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमारास मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवेला पृष्ठभाग भरपूर मिळाला आणि थोड्या पाण्यात काम भागू लागले. पण आठ हजार नळ्या म्हणजे डाख दिलेले किती सांधे, याचा हिशेब वाचकांनीच करावा! मग मोहरीची पूड, कोंडा, अंड्याचा पांढरा बलक असे घरगुती उपाय निघाले. गरम पाण्यात बलक गोठतो, स्टार्च फुगतो. आपल्याकडे हळद आली. पाठोपाठ ‘स्टॉप लीक’चे तयार डबे बाजारात मिळू लागले.

या डब्यांची खरी परीक्षा झाली ती मात्र मोटारीत नव्हे. १९५८ साली अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी ‘नॉटिलस’ उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून जाण्याच्या तयारीत होती. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला होता. अमेरिकेला काहीतरी करून दाखवायचे होते आणि मोहीम अत्यंत गुप्त होती. नेमकी तेव्हाच पाणबुडीच्या कंडेन्सरमध्ये गळती निघाली. टर्बाइनमधून आलेली वाफ इथे समुद्राच्या पाण्याने गार होऊन पुन्हा पाणी होते. ती निवताना कंडेन्सरमध्ये निर्वात होतो, त्यामुळे बारीकशा छिद्रातूनही खारे पाणी आत खेचले जाते. आत असते अतिशुद्ध पाणी, आणि क्लोराइड त्यात मिसळले तर वाफ करणाऱ्या यंत्रातील पोलाद खाल्ले जाते. खुल्या समुद्रात यंत्र बंद पडले तर पाणबुडी वर येऊन डिझेलवर चालू शकते. डोक्यावर बर्फाचे छत असताना ही सोय नाही.

पुष्कळ शोधूनही छिद्र सापडेना. कॅप्टन विल्यम अँडरसन यांना मोटारीचा उपाय आठवला. सिॲटल बंदरात नौसैनिक साध्या कपड्यांत गावभरच्या पेट्रोल पंपांवर हिंडले आणि १ डॉलर ८० सेंटला एक, असे स्टॉप लीकचे १४० डबे घेऊन आले. त्यातले निम्मे यंत्रणेत ओतल्यावर गळती थांबली. जूनमधला पहिला प्रयत्न बर्फाने हाणून पाडला, पण ३ ऑगस्ट १९५८ रोजी ११६ माणसांसह नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून गेली. जगातले सर्वांत प्रगत यंत्र आणि त्यात पंपावरचा डबा! आम्हाला यात विसंगती वाटत नाही. छिद्राला यंत्राची किंमत ठाऊक नसते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ सुईने भोक पाडा, पाणी भरा आणि धार मोजा. मग मैदा, कोंडा आणि शेवटी दोन्ही एकत्र घालून पाहा. भोक हळूहळू मोठे करत न्या. त्यानंतर शीतपेयाची बारीक नळी बाटलीच्या बुडाला बसवून तोच प्रयोग करा. नळीही तुंबते का, ते विद्यार्थ्यांना पाहू द्या. या उपायाचा दोष तिथे कळतो. बुचाला गळती आणि उपयोगाची नळी यांतला फरक कळत नाही. आपल्या रक्ताला तो बराचसा कळतो. रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतले कोलॅजेन उघडे पडते, रक्तकणिका त्यालाच चिकटतात आणि फायब्रिनचे धागे त्यांच्यावर जाळी विणतात. मंकहाउसचीच रचना, पण पत्ता शोधणारी. सोडियम सिलिकेट असलेली काही द्रव्ये याच्या थोडी जवळ जातात. छिद्राच्या तोंडाशी पाणी उडून गेले की तिथेच ती काचेसारखी घट्ट होतात.

आमचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आम्ही हळदच टाकली. इंजिन थंड करून, हे पुन्हा सांगतो. चालत्या इंजिनात दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, आणि झाकण उघडताच ते अंगावर उसळते. कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, त्यामुळे सांडलेले लगेच पुसले. टाकीतले पाणी काही वेळात तांबूस झाले. कूलंट अल्कधर्मी असते आणि हळद हा दर्शक आहे, हे आमच्या मुलीने आमच्या आधी ओळखले. चार दिवसांत रोजचा पेला बंद झाला. डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तेव्हा कळले की गाडीचा हीटरही बंद झाला आहे. त्याच्या बारीक नळ्यांत हळद जाऊन बसली होती.

दीड वर्षाने क्लचच्या कामासाठी इंजिन उतरले तेव्हा मेकॅनिकने डमी काढून आमच्या हातात ठेवली. ती आतून गंजून कागदासारखी झाली होती, कारण कित्येक महिने आम्ही कूलंटऐवजी बोअरचे पाणी घालत होतो. मधोमध सुई जाईल एवढे भोक, त्यावर तपकिरी खपली. नखाने टोकरली तरी ती निघेना. नवी पितळी वाटी त्याने हातोडीच्या तीन ठोक्यांत बसवली आणि विचारले, ‘हीटरचं काय करायचं?’