छावणीतून महाविद्यालयाकडे : डॉ. कान्होबा कीर्तिकर

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या रानात कळलावी फुलते. तिचा कंद विषारी आहे, हे किन्हवलीच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु अशा वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्यांत एक मराठी लष्करी डॉक्टर अग्रभागी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्यांचे नाव.

कीर्तिकरांचा जन्म १८४९ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते विलायतेस गेले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले. या नोकरीची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून हिंदी उमेदवारांना खुली होती खरी. पण ती होई लंडनला! समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याला ती खुली असून बंदच. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात कीर्तिकरांनी चाकरी केली आणि पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक झाले.

लष्करातला मनुष्य कॉलेजात कसा, असे कोणी विचारील. ही सर्व्हिस मुळात लष्करी. शांततेच्या काळात तिचे अधिकारी जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन किंवा कॉलेजातील प्राध्यापक होत, आणि लढाई पेटली की परत बोलावले जात. परिणाम असा की, सरकारी वैद्यक महाविद्यालयांतील मोठ्या जागा बहुतेक गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या हाती राहिल्या. कीर्तिकर त्या दारातून आत गेले. पण किती गुणी हिंदी डॉक्टर बाहेरच राहिले! परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजाचे उद्घाटन १९२६ मध्ये झाले. देणगीदारांची अटच होती की, तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले हिंदी डॉक्टर असावेत. त्या अटीमागे ही जुनी सल होती.

कीर्तिकरांचे मन मात्र एका विषयात मावणारे नव्हते. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ या काव्यावरून त्यांनी १८८४ मध्ये ‘इंदिरा’ रचली. मूळ काव्याची नायिका स्त्रियांसाठी विद्यापीठ काढते. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजाने स्त्रियांना दार उघडले ते त्याच्या आदल्याच वर्षी, १८८३ मध्ये! १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आणि वनस्पती! मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर त्यांनी लेखमाला लिहिली. लष्करी डॉक्टरला ही आवड केवळ हौसेने लागली असे मला वाटत नाही. त्या काळी छावणीत गोळीपेक्षा रोगानेच माणसे अधिक दगावत. आमांश तर सैन्याचा जुना वैरी. त्यावर आपल्या रानातला कुडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्याची साल उगाळून देणाऱ्या आजीबाई येथे अजून सापडतील.

बामनदास बसू हे दुसरे लष्करी डॉक्टर. त्यांच्यासह सिद्ध केलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा चित्रांसहित प्रचंड ग्रंथ अलाहाबादेस १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुडा आणि कळलावी, दोन्ही त्यात आहेत. कीर्तिकर १९१७ च्या मे महिन्यातच वारले होते.